शब्दचर्चा : ‘अँटिसोशल’ला मराठीत काय म्हणावं?

विश्रामबागकर (सांगली) : आमची पुतणी लग्नकार्याला येत नाही, म्हणून घरात तिला सगळे ‘अँटिसोशल’ म्हणतात. हाच शब्द परवा गुन्ह्याच्या बातमीत ‘पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ला जोडलेला दिसला. दोन्हींचा अर्थ एकच का?

मिरजकर : नाही ओ काका, जवळजवळ उलटा. पुतणीला एकलकोंडी म्हणा. (माणूसघाणी नको, त्या शब्दात फार कडवटपणा आहे.) विकाराच्या नावात प्रश्न मिसळण्याचा नसून दुसऱ्याचे हक्क तुडवण्याचा आहे. असा माणूस मंडळाच्या वर्गणीला सगळ्यांच्या पुढं आणि बोलायला गोडही असू शकतो. म्हणून ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार’.

गावभागातला : मग सरळ ‘समाजकंटक’ म्हणा की! सण आले की पोलिसांच्या आवाहनात असतोच.

मिरजकर : तो बंदोबस्ताचा शब्द, निदानाचा नव्हे. तडीपार झालेल्या प्रत्येकाला हा विकार असतोच असं नाही.

तासगावच्या बाई : माझ्या वर्गात, आठवीत, एक पोरगा आहे. चोऱ्या, मारामाऱ्या, दांड्या. त्याला हे नाव लागू पडेल?

मिरजकर : नाही बाई. डीएसएम-५ (अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक) प्रमाणे १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हे निदान होत नाही. मुलांसाठी ‘वर्तनविकार’ हा वेगळा शब्द आहे, आणि तोही तज्ज्ञानंच ठरवायचा. अशी बरीच मुलं पुढं नीट मार्गाला लागतात. मोठ्या माणसाचं निदान करताना मात्र वर्तनविकाराच्या खुणा १५च्या आधीपासून होत्या का, हे बघतात. शिवाय सातपैकी किमान तीन गोष्टी लागतात : वारंवार कायदेभंग, खोटेपणा, आततायीपणा, भांडखोरी, जिवाची बेफिकिरी (स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या), नोकरीत आणि देणी फेडण्यात बेजबाबदारपणा, पश्चात्ताप नसणं. हे सगळं फक्त स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर या मानसिक आजारांच्या काळातच घडत असेल तर हे निदान होत नाही.

रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. मुलाखतीवरच सगळं, आणि लबाडी हेच एक लक्षण असल्यामुळं एकट्या त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही. घरच्यांना विचारतात, जुन्या नोंदी बघतात.

गावभागातला : म्हणजे सायकोपॅथच ना?

मिरजकर : सरसकट नाही. डीएसएममध्ये त्या नावाचं वेगळं निदान नाही. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची यादी वापरतात, ४० पैकी गुण देतात. तिथं थंडपणा, सहानुभूतीचा अभाव यांना वजन जास्त.

विश्रामबागकर : बातमीत ‘माथेफिरू’ही लिहिलं होतं.

मिरजकर : तेही चुकीचंच. माथेफिरूचं भान सुटलेलं असतं. या विकारात आपण काय करतोय ते माणसाला सहसा पुरतं कळत असतं.