बर्फात उघडे डोंगर अन् त्याला जर्मन नाव कसं काय?

प्रश्न (परभणीहून): पोरगी सातवीला हाय, तिला अंटार्क्टिकावर प्रोजेक्ट दिलाय. आपल्या भारताचं मैत्री संशोधन स्टेशन तिथल्या शिरमाखर टेकड्यांवर हाय म्हणे. सगळीकडं बर्फ अन् इथंच उघडा खडक कसा, अन् हे नाव कोणाचं?

उत्तर १: दादा, शिरमाखर हा पायलट होता. 1938-39 च्या जर्मन मोहिमेत त्यानं विमानातून ह्या टेकड्या बघितल्या म्हणून त्याचं नाव पडलं. बर्फाचा मोठा थर टेकड्यांना अडून बाजूनं जातो, अन् काळा खडक उन्हानं तापतो मग पडलेला बर्फ टिकत नाही. खडक मात्र आपल्या बालाघाटासारखा लाव्हाचा नाही, लई जुना नाइस (gneiss, उष्णता अन् दाबानं बदललेला) खडक हाय. समुद्राकडच्या बर्फाच्या कडेपासून आत साधारण 100 किमी.

उत्तर २: तळ्यांचं लिहायला लावा तिला! शंभराच्या वर तळी हायत, मैत्रीला पाणी प्रियदर्शिनी तळ्यातून मिळतं. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या पोरांना हे वाचून लई भारी वाटंल.

उत्तर ३: आपलं अंटार्क्टिकातलं दुसरं चालू स्टेशन, भारती, तिथं नाही बरं का, ते 2012 चं, लार्समन टेकड्यांवर, लई लांब पूर्वेला. नकाशावर दोन्ही वेगवेगळे दाखवा.

प्रश्नकर्ता: लई उपकार झाले, आजच नकाशा काढायला बसवतो तिला.