अकूस्टिक गिटारचं वजन किती असावं? हलकी गिटार खरंच चांगली वाजते का?

मंद्रसप्तक

स्टीलच्या तारांची गिटार घ्यायची आहे, बजेट वीस हजारांपर्यंत. आठवड्यातून तीन दिवस ठाणे-दादर लोकलने क्लासला न्यावी लागेल. एक दुकानदार म्हणतो, हलकी घ्या, आवाज मोकळा येतो. दुसरा म्हणतो, हलकी म्हणजे तकलादू, जड लाकूडच टिकतं. साधारण वजन किती असतं आणि त्यावरून काही ठरवता येतं का? जाणकारांनी सांगावं.

करवतकानस

आधी आकडे. ड्रेडनॉट, म्हणजे नेहमी दिसणारी मोठ्या अंगाची गिटार, १.८ ते २.३ किलो. ओएम, ट्रिपल-ओ, कॉन्सर्ट या जरा लहान आकारांच्या १.६ ते २ किलो. नायलॉनची क्लासिकल १.४ ते १.७, आणि सायप्रस लाकडाची फ्लामेंको सव्वा किलोच्या आसपास. बारा तारांची जंबो अडीच किलोपर्यंत सहज जाते.

आता हे वजन येतं कुठून ते बघा. ड्रेडनॉटच्या टॉपचं, म्हणजे तारांखालच्या पुढच्या फळीचं, क्षेत्रफळ साधारण ०.१५ चौरस मीटर. स्प्रूस लाकडाची फळी २.८ मिमी धरली तर वजन होतं पावणेदोनशे ग्रॅम. बास, एवढंच. आवाजाचा सगळा खेळ जिच्यावर चालतो तिचा वाटा दोन किलोंत दहा टक्केही नाही.

पाठ आणि दोन्ही बाजू मिळून लाकूड पाऊण लिटरभर होतं. मॅहॉगनीत ते चारशे ग्रॅमच्या थोडं वर भरतं, शिसवीत सहाशे. नेक (मान), फिंगरबोर्ड आणि ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिला वाकू न देणारी सळई) धरून सहाशे ते साडेसातशे. सहा खुंट्या बंद डब्यातल्या असतील तर दोनशेच्या वर, उघड्या गिअरच्या असतील तर दीडशेच्या आसपास. आणि पॉलिश! सगळ्या अंगावर ०.३ मिमी पॉलिएस्टर चढवलं की पावणेदोनशे ग्रॅम नुसता थर, म्हणजे टॉपच्या लाकडाइतकाच. तोच थर ०.१ मिमी असेल तर साठ ग्रॅम.

म्हणून दोन गिटारींत चारशे ग्रॅमचा फरक असूनही टॉप हुबेहूब सारखे असू शकतात. काटा तुम्हाला शिसवी, खुंट्या आणि पॉलिश मोजून देतो. टॉपबद्दल तो फारसं बोलत नाही.

सीडरवाला

+१. याचे दोन टोकाचे दाखले आहेत. स्पेनच्या अँतोनियो दे तोर्रेसने १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, टॉप मात्र लाकडाचा ठेवला. आवाज टॉपमधून येतो हे दाखवायला. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. उलट टोकाला ऑस्ट्रेलियाचा ग्रेग स्मॉलमन. टॉप अतिशय पातळ, खाली बाल्सा आणि कार्बन फायबरची जाळी, पण पाठ-बाजू मुद्दाम जाड आणि जड. पूर्ण गिटार नेहमीच्या क्लासिकलपेक्षा चांगलीच जड भरते, आणि आवाजाला दणकट. क्लासिकल गिटारवादक जॉन विल्यम्स वर्षानुवर्षं त्याच वाजवत आला.

हलकं हवं ते टॉप, ब्रेसिंग (टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या, म्हणजे ब्रेस) आणि ब्रिज (टॉपवर तारा अडकवायचा लाकडी तुकडा). बाकीचं अंग जड असलं तरी बिघडत नाही, कधी कधी फायदाच होतो.

जुनंतेसोनं

थोडा असहमत. मार्टिन कंपनीच्या जुन्या, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गिटारी हातात घेतल्या की हलकेपणा लगेच जाणवतो, आणि आवाजाबद्दल वेगळं सांगायला नको. हलकेपणाचा काहीच संबंध नाही असं कसं म्हणता येईल?

करवतकानस

संबंध आहे, पण कारण-परिणाम उलटे लावू नका. त्या गिटारींचे ब्रेस मधून खोलगट तासलेले असायचे, टॉप बारीक, पॉलिश पातळ. हे सगळं केल्यावर वजन आपोआप उतरतं. लोक जाड तारा चढवायला लागले आणि टॉप फुगायला लागले, म्हणून मार्टिनने १९४४ मध्ये ब्रेस तासणं थांबवलं. मग १९७६ मध्ये एचडी-२८ हे मॉडेल काढून पुन्हा सुरू केलं. हलक्या बांधणीची किंमत काय पडते ते याच इतिहासात आहे.

फळीची जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर वजन दहा टक्केच घटतं, वाकण्याचा विरोध मात्र सत्तावीस टक्के घटतो, कारण तो जाडीच्या घनावर अवलंबून असतो. तीन मिमीचा टॉप २.७ केला की वीसेक ग्रॅम वाचतात आणि ताकद पाव हिश्श्याहून जास्त जाते. चांगला कारागीर म्हणूनच फळी हाताने वाकवून बघत जाडी ठरवतो, नुसत्या कॅलिपरवर जात नाही.

ब्रिजकडेही बघा. एबनीचा ब्रिज तीसेक ग्रॅमचा, आणि तो टॉपच्या सगळ्यात हलणाऱ्या जागी बसलेला. त्यात तारा अडकवणाऱ्या प्लॅस्टिकच्या सहा पिना मिळून तीनेक ग्रॅम, पितळेच्या अठरा-वीस. हे पंधरा ग्रॅम कानाला कळतात. खुंट्यांमधले पंधरा ग्रॅम कोणालाही कळणार नाहीत.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे आभार. आज दोन गिटारी मोजल्या. एक ड्रेडनॉट, पिकअपवाली (ॲम्प्लिफायरला जोडता येणारी), २.४ किलो. दुसरी तशाच आकाराची, निम्म्या किमतीची, १.७ किलो. आता मात्र गोंधळ वाढला. स्वस्तवाली हलकी कशी?

तिसरा_फ्रेट

२.४ मधले दीडशे-दोनशे ग्रॅम पिकअपच्या डबीचे, वायरींचे आणि बॅटरीचे. नऊ व्होल्टची बॅटरीच पंचेचाळीस ग्रॅमची. बाकीचं बहुधा जाड प्लाय आणि जाड पॉलिश. मोजताना बॅटरी काढली होती का?

स्वस्त आणि हलकी असेल तर जास्त सावध. पातळ प्लाय, मऊ लाकडाची नेक, आणि कधी कधी ट्रस रॉडच नसतो. ट्रस रॉड नसला की शंभरेक ग्रॅम वाचतात आणि वर्षभरात नेक धनुष्यासारखी होते. साउंडहोलमधून (टॉपवरचं गोल भोक) किंवा हेडस्टॉकच्या (खुंट्यांचं टोक) झाकणाखाली ॲलन कीचं भोक आहे का बघा. भोक असलं तरी दुकानदाराला की लावून पाव वेढा फिरवायला सांगा, नुसतं शोभेचं भोकही सापडतं.

मग साउंडहोलच्या कडेवर टॉर्च मारा. वरच्या रेषा सरळ कडेतून खाली उतरत असतील तर टॉप अखंड लाकडाचा. मध्ये आडवा थर दिसला, सँडविचसारखा, तर प्लाय. पुढे स्टीलची फूटपट्टी ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी ठेवा. किंचित फुगवटा चालतो, तो मुद्दाम दिलेला असतो. पट्टी दोन्ही कडांना तीन-चार मिमी वर राहून डुगडुगत असेल तर नको. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. सरकला तर गोंद सुटायला लागलाय. शेवटी तारा हाताने दाबून बोटाच्या पेराने ब्रिजजवळ टकटक करा. जिवंत टॉप घुमतो, प्लाय 'थप' करून गप्प बसतो.

लोकलकर

लोकलसाठी गिटारच्या वजनाची चर्चा म्हणजे ट्रंक सोडून रुमालाचं वजन करणं. लाकडी हार्ड केस चार ते पाच किलोची असते, गिटारच्या दुप्पट. फोमची केस दोन-अडीच. वीस मिमी पॅडिंगची, दोन खांदेपट्ट्यांची गिगबॅग दीड-दोन किलो. गर्दीच्या वेळी हीच घ्या आणि पाठीवर नको, समोर छातीशी धरा. पाठीवर असली की हेडस्टॉक डोक्याच्या वर जातो आणि दाराच्या चौकटीवर आपटतो. हेडस्टॉकखाली बॅगेत आतून टॉवेलची घडी ठेवा. फुटली तर बहुतेक तिथेच फुटते.

मोजायला सामानाचा हुकवाला काटा पुरतो. गिटार बॅगेसकट लटकवा, मग रिकामी बॅग लटकवून वजा करा. माणसाच्या वजनकाट्यावर गिटार घेऊन उभं राहू नका, त्याची चूकच शंभर ग्रॅमची.

सीडरवाला

अवांतर, पण खांदा दुखण्याचं कारण वजनापेक्षा बॉडीची खोली असते. ड्रेडनॉट साधारण १२४ मिमी खोल, ट्रिपल-ओ १०५. उजवा हात तेवढा कमी उचलावा लागतो. यामाहाच्या एफजी८०० ऐवजी एफएस८०० बघा. टॉप दोन्हींत अखंड स्प्रूसचा, एफएसची बॉडी लहान, स्केलही (तारेची वाजणारी लांबी) आखूड, ६३४ मिमी. किंमत दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या.

उभं राहून वाजवणार असाल तर एकूण वजनापेक्षा तोल बघा. पट्टा लावून दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक खाली जात असेल तर जड खुंट्या काढून उघड्या गिअरच्या लावल्याने फरक पडतो. पट्टा हेडस्टॉकला न बांधता हीलला (नेक बॉडीला जुळते तिथे) बटण लावलं की ती डुबकी वाढते, हेही धरून चला.

मंद्रसप्तक

एफएस८०० आज वाजवून आले, हाताला बरी वाटली. शेवटचा प्रश्न: हलक्या बांधणीची गिटार मुंबईच्या पावसाळ्यात टिकेल का? तारा कोणत्या?

करवतकानस

टिकेल, लक्ष ठेवलं तर. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशीच्या वर राहिली की लाकूड पाणी पितं. दीड किलो लाकूड हळूहळू पन्नास-शंभर ग्रॅमने जड होऊ शकतं, टॉप फुगतो, ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) वर जाते. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २.५ मिमी असेल तर त्याचे ३ झालेले दिसतील. लगेच सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासायला जाऊ नका, दिवाळीनंतर ॲक्शन खाली येते आणि मग तारा खणखणतात. बॅगेत छोटा हायग्रोमीटर आणि सिलिका जेल ठेवा, पन्नासच्या आसपास आलं की जेल काढा. नागपूरला मे महिन्यात नेणार असाल तर उलटं, तिथे ओलावा द्यावा लागतो, नाहीतर टॉपला चीर.

तारा १२-५३ पर्यंतच (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच, सगळ्यात जाड ०.०५३). त्यांचा एकूण ताण चौऱ्याहत्तर किलोच्या आसपास, १३-५६ चा चौऱ्याऐंशी. ते दहा किलो अशा टॉपवर कायमचे टांगू नका. बोटं दुखत असतील तर पहिले तीन महिने १०-४७ लावा, फक्त जाडी बदलल्यावर आठवड्याने नेकचा बाक पुन्हा बघून घ्या.