सीटीओ तिकिटांना 'वापरलेली' म्हणायचं का?

चिमटा:
सरळच विचारतो, राग नसावा. ज्या तिकिटाने जन्मात एक पत्र पोचवलं नाही, ते 'वापरलेलं' कसं? सीटीओ ('कॅन्सल्ड टू ऑर्डर') म्हणजे टपाल खात्यानेच अख्ख्या शीटवर शिक्के मारून विक्रेत्यांना स्वस्तात दिलेला माल. साम्यवादी राजवटीतली हंगेरी, पोलंड, रुमानिया, बल्गेरिया यांचे ते फुलपाखरं आणि अवकाशयानांचे सेट आठवा. भिंगाखाली धरा एखादं. शिक्क्याचा पाव तुकडा बरोब्बर कोपऱ्यात, चित्राला धक्का नाही. चार तिकिटांचा ब्लॉक असेल तर मधोमध चार पाव जुळून एक अख्खं वर्तुळ होतं. मागे डिंक जसाच्या तसा, चकचकीत. सरकारला परकीय चलन मिळालं, विक्रेत्यांना सुट्या तिकिटांची पाकिटं भरायला रंगीत माल मिळाला. टपालाचा संबंध शून्य. मी तर अल्बममधून काढून टाकली सगळी.

डिंकासकट:
काढलीत? टाकू नका, मला द्या :)
आणि कोरं तिकीट कुठलं पत्र पोचवतं हो? त्याला तर आपण बोटही लागू देत नाही. कोऱ्याला मान आणि सीटीओला हाकलून द्यायचं, हा कुठला न्याय? विषयवार संग्रह करणाऱ्याला पक्षी दिसायला हवा. पक्ष्याच्या डोक्यावर काळा धब्बा असलेलं 'अस्सल' तिकीट घेऊन मी काय करू? शिवाय आपल्यातल्या निम्म्यांना हा नाद लागला तोच त्या स्वस्त पाकिटांमुळे.

चिमटा:
कोरं तिकीट आपण कोरं असल्याचं लपवत नाही. सीटीओवर गाव असतं, तारीख असते आणि त्या तारखेला त्या गावात काहीच घडलेलं नसतं. माझा आक्षेप तेवढाच आहे.

आडवी पट्टी:
नुसतं साम्यवाद्यांवर खापर नको. नॉर्थ बोर्निओचा (आज मलेशियात) कारभार ब्रिटिश कंपनीकडे होता आणि तिथली तिकिटं १८९० च्या दशकातच जाड आडव्या पट्ट्यांचा शिक्का मारून विक्रेत्यांकडे जात होती. १८९४ च्या सेटमधली मगर बघा, काय देखणी आहे! स्टॅन्ली गिबन्सचा कॅटलॉग अशा पट्टीवाल्या तिकिटांची किंमत वेगळी देतो. म्हणजे फरक दाखवायचा म्हटलं तर दाखवता येतो.

जुनं पाकीट:
खरी गोम तीच आहे. बऱ्याच देशांच्या बाबतीत कॅटलॉगात 'वापरलेली' असा एकच रकाना असतो आणि त्यातली किंमत असते सीटीओची. टपालातून खरोखर गेलेलं तिकीट त्याच भावात मोजलं जातं, मग ते दहापट दुर्मीळ का असेना. पूर्व जर्मनीचं उदाहरण घ्या. तिथे अनेक सेटमधलं एक तिकीट मुद्दाम कमी छापत आणि संग्राहकांना त्यांच्या ओळखपत्रावर मोजकंच देत. असं तिकीट साध्या पत्राला लावणार कोण? त्यामुळे पत्रावर, टपालाच्या योग्य दराने, त्या काळातल्या तारखेसह ते सापडलं तर सोडू नये.

आणि चिमटाराव, डिंकावर फार विसंबू नका. सीटीओ पाण्यात टाकलं की डिंक गेला, मग ते साळसूदपणे बाकीच्यांत मिसळतं. मी आधी शिक्का बघतो. हाताने मारलेला असेल तर शाई एका बाजूला दाट, एका बाजूला फिकी, थोडी कागदात मुरलेली. छापखान्यात छापलेला शिक्का मात्र प्रत्येक प्रतीवर त्याच जागी, तितकाच काळा.

डिंकासकट:
बरं, 'अस्सल वापर' हाच निकष धरला तर काय होतं तेही बघू. जर्मनीतली १९२३ ची चलनवाढ. अब्जावधी मार्कांची तिकिटं, दर इतक्या झपाट्याने बदलत की काही तिकिटं जेमतेम थोडे दिवस चालली. कोरी तिकिटं ढिगाने उरली, अस्सल वापरलेली महाग झाली. मग काय, उरलेल्या कोऱ्यांवर नंतर खोटे शिक्के! आज तज्ज्ञाच्या तपासणीशिवाय महागडं वापरलेलं तिकीट घेणं म्हणजे जुगार. माझं सीटीओ निदान कुणाला फसवत तरी नाही. काय आहे ते तोंडावर लिहिलंय.

चिमटा:
हे मात्र बिनतोड. तरी आखातातल्या अजमान, फुजैरा, मनामा यांच्या तिकिटांच्या त्या ढिगाचं काय? १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिराती होण्याआधीच्या काही वर्षांत सेटमागून सेट. मनामा तर अजमानचाच एक चिमुकला तुकडा, तिथून कोण किती पत्रं पाठवणार होतं?

जुनं पाकीट:
म्हणूनच त्या भागातून खरोखर गेलेलं व्यापारी पत्र हाती लागलं की मी त्यावरची तिकिटं सोडवत नाही, पाकीट तसंच ठेवतो. सुटं केलं की पुरावा गेला.

डिंकासकट:
ठेवा तुम्ही पाकिटं. मनामाची कोपऱ्यात शिक्का असलेली घोड्यांची तिकिटं मी घेईन, आणि खाली पेन्सिलने 'सीटीओ' असं लिहीन. प्रदर्शनातल्या परीक्षकांना नाक मुरडायचं तर खुशाल मुरडू देत.