वित्त आयोगाचा पैसा पांदणीले काऊन लागत नाही?

पांदणवाला, यवतमाळ जिल्हा: पावसाळ्यात आमच्या पांदणीत, म्हणजे शेताच्या रस्त्यात, बंडी आसापर्यंत रुतते. खताच्या थैल्या डोक्यावर न्या लागते. ग्रामपंचायतीचे सचिव म्हणतात, पंधराव्या वित्त आयोगाचा (केंद्राकडून येणारा) पैसा खात्यात हाय, पण पांदणीले लावता येत नाही. अन चौकात पेव्हर ब्लॉक बसून राहिले! हे कसं काय बाप्पा?

माजी सदस्य: सचिव अर्धं खरं सांगून राहिले. 2021-22 ते 2025-26 साठी 60 टक्के निधी बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी अन स्वच्छता, बस. उरलेल्या 40 टक्क्यांत पगार-आस्थापना सोडून गावाच्या गरजेची कामं घेता येतात. पेव्हर त्यातलेच असतील. काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात पाहिजे अन आराखडा ग्रामसभेत मंजूर पाहिजे. ई-ग्रामस्वराज साइटवर आपली ग्रामपंचायत काढून पाहा, आराखडा अन खर्च दोन्ही दिसते. मंग सभेत बोला. चहाटपरीवर सारेच बोलतात.

वर्धेकर: तेवढ्या पैशात पांदण पुरी होणार नाही भाऊ. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना 2021 मध्ये आली, रोजगार हमीशी जोडलेली. पण पहिले अतिक्रमण काढा. दरसाल धुरा, म्हणजे बांध, नांगराचं एक तास पुढं सरकते, मंग मोजणीवाला आला का भांडण.

बचतगटवाली: ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्या लागते, हेही विचारा. आमच्याकडं रजिस्टर घरोघरी फिरते, सह्या होतात, झाली सभा.

पांदणवाला: साइट पाहिली. पांदण आराखड्यातच नाही. धुऱ्याचं मात्र जरा हळू बोला, एक धुरा माह्या काकाचा हाय.