मालिका आणि आकाशवाणीसाठी लेखन : सुरुवात नेमकी कुठून करावी?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेल्या सात-आठ वर्षांत चार एकांकिका लिहिल्या, त्यांपैकी दोन स्पर्धांत सादर झाल्या, आणि आकाशवाणीवरून पंधरा मिनिटांची एक श्रुतिकाही प्रसारित झाली. सध्या एका मालिकेची कथा साठ पानांत लिहून तयार आहे. तीन निर्मितिसंस्थांना ती मेलने पाठवली. दोघांचे उत्तर आले नाही आणि तिसऱ्या संस्थेने ‘वनलाईन पाठवा’ एवढेच कळवले. वनलाईन म्हणजे एक ओळ की दहा पाने, हे मला समजले नाही. अशी कथा वाहिनीपर्यंत पोहोचवण्याचा मार्ग कोणता, त्यासाठी नोकरी सोडून मुंबईला येणे आवश्यक आहे का, आणि कथा कोणी परस्पर वापरू नये यासाठी काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तिसरा_अंक

मी अकरा वर्षे दैनंदिन मालिकांचे संवाद लिहितो आहे, त्यामुळे त्या बाजूचे सांगू शकतो. प्रथम ‘वनलाईन’विषयी. हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, त्यामुळे झालेला गोंधळ तुमचा नाही. मालिका सुरू असताना एका भागातील प्रसंगांची, प्रत्येकी एकदोन ओळींत केलेली क्रमवार मांडणी म्हणजे वनलाईन. नव्या कथेच्या बाबतीत मात्र त्यांना पानभराचा गोषवारा हवा असतो : नायिका कोण, तिला काय हवे आहे, तिच्या आड कोण येते आणि ही ओढाताण वर्षभर का टिकेल. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तुमच्या साठ पानांत कथा संपत असेल, तर ती मालिका नसून कादंबरी किंवा चित्रपट आहे, असे समोरचा माणूस पहिल्या पानावरच ठरवतो.

आता थोडे कटू, पण उपयोगाचे. अनोळखी लेखकाची कथा घेऊन वाहिनीने मालिका उभी केली, असे मी फार क्वचित पाहिले आहे. अनेकदा कथा वाहिनीकडेच असते, कारण त्याच समूहाच्या दुसऱ्या भाषेतील वाहिनीवर ती आधीच चाललेली असते. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवरून आलेली होती, हे आपल्याला ठाऊकच असेल. त्यामुळे बाहेरच्या लेखकासाठी खरे दार कथेचे नसून संवादांचे आहे. मराठी मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही नावे पुष्कळदा वेगवेगळ्या माणसांची असतात. आठवड्याला सहा भाग आणि प्रत्येक भागाची सुमारे २२ मिनिटे धरली, तर दर आठवड्याला जवळजवळ एका चित्रपटाइतका मजकूर लिहून व्हावा लागतो. एकट्या माणसाच्या आवाक्यातले हे काम नाही. म्हणून संवादलेखकाच्या हाताखाली एकदोन जण लागतात, आणि एकांकिका लिहिणारी मुले बहुधा तेथूनच आत येतात. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांतून पुढे आलेले किती जण आज मालिका लिहीत आहेत, ते पाहावे.

कामाचे स्वरूपही आधी माहीत असावे. पटकथा संध्याकाळी हातात येते आणि सकाळच्या पहिल्या पाळीला संवाद सेटवर हवे असतात. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, आणि त्यानंतर महिनाभरासाठी ठरलेला ट्रॅक, म्हणजे कथानकाचा पुढचा प्रवास, एका बैठकीत मोडीत निघू शकतो. एखाद्या कलाकाराला ताप आला, की त्याच्या वाटचे सारे संवाद आत्याबाईंच्या तोंडी घालावे लागतात आणि तरीही ते आत्याबाईंचेच वाटावे लागतात. (हे मी एका रात्रीत तीनदा केले आहे.) मानधन भागागणिक ठरते, पण ते हाती पडायला दोन-तीन महिने लागतात. माझ्या पहिल्या मालिकेचे अखेरच्या चाळीस भागांचे पैसे मला कधीच मिळाले नाहीत, कारण माझ्याकडे लेखी काहीच नव्हते. म्हणून नोकरी आत्ताच सोडू नका. उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईत महिनाभर राहून एखाद्या संवादलेखकाकडे चाचणीचे प्रसंग लिहून द्या. एकदा विश्वास बसला की लेखन परभणीतूनही करता येते, कारण आता संवाद मेलनेच जातात.

जुना_माईक

मी आकाशवाणीच्या नाट्यविभागात काम करून निवृत्त झालो. वरील उत्तर योग्यच आहे, परंतु मूळ प्रश्नात श्रुतिकेचा उल्लेख जाता जाता झाला आहे, तो मला थोडा खटकला. संवादलेखनाची याहून चांगली तालीम दुसरीकडे मिळत नाही. श्रुतिकेत डोळ्यांना काहीच दिसत नसल्यामुळे पात्र कोण, कोठे उभे आहे, खोलीत आणखी कोण आहे, हे सारे बोलण्यातून आणि आवाजांतून कळावे लागते. आणि तेही ‘अरे सुरेश, तू हातात छत्री घेऊन दारात का उभा आहेस?’ अशी वाक्ये न लिहिता. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक संहिता याच वाक्यावर अडखळत. दुसरा दोष गर्दीचा. पंधरा मिनिटांत नऊ पात्रे आणि त्यांत तीन समवयस्क बहिणी असल्या, तर श्रोता दुसऱ्या मिनिटाला त्यांची सांगड घालणे सोडून देतो. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकामालेतील पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी घरोघरी पोहोचले, याचे एक कारण असे की ते तीन आवाज कधीच एकमेकांत मिसळत नसत.

आपली पुढची संहिता पाठवण्यापूर्वी ती मोठ्याने वाचा, घड्याळ लावा आणि संगीतासाठी व ध्वनिपरिणामांसाठी मिनिट-दीड मिनिट मोकळे ठेवा. मानधन माफक असते, पण करारपत्र रीतसर मिळते आणि नाट्यविभागात आपले नाव लक्षात राहते.

कलम_एकोणीस

हक्कांविषयी थोडक्यात लिहितो. निव्वळ कल्पनेला कायद्याचे संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केले आहे. कल्पना ज्या रीतीने लिहून काढली असेल, त्या मांडणीला संरक्षण आहे, आणि ते लिहिल्या क्षणापासून मिळते. नोंदणी सक्तीची नाही, मात्र वाद झाल्यास पुरावा म्हणून तिचा उपयोग होतो. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन संहितेची ऑनलाईन नोंदणी करता येते. साठ पाने नोंदवा आणि पाठवताना केवळ गोषवारा पाठवा. कोणाला, कोणत्या तारखेला काय पाठवले, त्या मेल जपून ठेवा.

करार समोर आला की मुदत आणि प्रदेश ही दोन कलमे आधी वाचा. कॉपीराईट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणूनच छापील करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ असे शब्द आवर्जून असतात. २०१२ च्या दुरुस्तीने लेखकाला स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हक्क दिला आहे, पण दैनंदिन मालिकेच्या नवख्या लेखकाने त्यावर घरखर्चाचा हिशेब मांडू नये.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साठ पाने पुन्हा वाचली. कथा खरोखरच पन्नासाव्या पानावर संपते, पुढची दहा पाने मी ओढूनताणून लिहिली आहेत. श्रुतिकाही तपासली. तिच्यात दारात छत्री घेऊन उभा असलेला सुरेश नाही, पण पिशवी घेऊन उभी असलेली शालन आहे. तिसरा_अंक, चाचणीचे प्रसंग स्वतःच्या कथेतले लिहावेत की चालू मालिकेतले?

तिसरा_अंक

चालू मालिकेतले. आज रात्रीचा कोणताही भाग पाहा, त्यातील पात्रे घ्या आणि उद्याचे तीन प्रसंग आजच लिहून काढा. उद्या प्रसारित झालेला भाग शेजारी ठेवून ताडून पाहा. अशी दहा रात्रींची पाने झाली की त्यांतली तीन निवडून मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा.