ऱ्हाईनकाठची सीमेवरची गावं: लाउफेनबुर्गला गेलात का? अनुभव सांगा

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला येऊन आम्हाला आता सहा वर्षं होतील. घरी पाहुणे आले की लुत्सर्न, ऱ्हाईनचा धबधबा, बर्फाचे डोंगर हे सगळं दाखवणं होतंच, पण माझं स्वतःचं आवडतं गाव त्या कुठल्याच यादीत नसतं. लाउफेनबुर्ग. जर्मनीतलं, ऱ्हाईनच्या अगदी काठावरचं, वस्ती नऊ हजारांच्या आसपास. बाझेलच्या बाडिशर बानहोफ या स्टेशनवरून गाडी मिळते आणि अर्ध्या-पाऊण तासात पोचवते. स्टेशनवरून थोडं चाललं की जुनं गाव, दगडी गल्ल्या, आणि मग एकदम नदी आणि तिच्यावरचा १९११ सालचा कमानींचा पूल. पूल ओलांडला की स्वित्झर्लंड, आणि तिथल्या गावाचं नावही लाउफेनबुर्गच.

मला आधी वाटलं दोन गावांना योगायोगाने सारखं नाव पडलं असेल. तसं नाहीये. हे शेकडो वर्षं एकच गाव होतं, हाब्सबुर्ग राजघराण्याच्या ताब्यातलं. नेपोलियनच्या काळात, १८०१ च्या तहात ऱ्हाईन ही हद्द ठरली आणि गावाचे मधोमध दोन तुकडे झाले. किल्ला आणि मोठं चर्च पलीकडे राहिलं, हा काठ पुढे बाडेन या जर्मन संस्थानाकडे गेला. म्हणजे जर्मन बाजूला बाकावर बसून तुम्ही जो किल्ल्याचा बुरूज बघता तो गावाचाच, पण दुसऱ्या देशात.

पहिल्या खेपेला पुलावर एक आजोबा भेटले, हातात चाकांची पिशवी, पलीकडे कॉफी प्यायला निघालेले. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मी विचारलं रोज जाता का, तर म्हणाले आजीचं माहेर त्या काठावरचं, लहानपणापासून जातोय. बोलता बोलता त्यांनी कठड्यावरून खाली बोट दाखवलं. लाउफेन म्हणजे इथे खडकांतून उसळत जायचं ते पाणी. बोटी आणि तराफे त्यातून उतरवून देणारी खास माणसं असायची, साल्मन मासा भरपूर मिळायचा, कोळ्यांचं गावच होतं हे. मग १९०९ ते १९१४ च्या दरम्यान खाली जलविद्युत केंद्र बांधलं, त्यासाठी खडक सुरुंग लावून उडवले. आता पाणी इतकं संथ आहे की बुरुजाचं प्रतिबिंब हलत नाही. ते प्रतिबिंब बघून मी घरी आले आणि तेव्हापासून वर्षातून तीनदा तरी जाते.

तुमच्यापैकी कोणी गेलंय का? लाउफेनबुर्ग नाही तर जवळपासचं दुसरं, नदीकाठचं आणि सीमेवरचं. लांब लिहा, फोटोंपेक्षा मला गोष्टी हव्यात.

*

मी सिव्हिलवाला, स्टुटगार्टला असतो, त्यामुळे लाउफेनबुर्ग म्हटल्यावर मला जुना नाही नवा पूल आठवतो. शिकत असताना सरांनी सांगितलेला किस्सा होता, प्रत्यक्ष बघायला मिळाला २०१९ मध्ये.

झालं असं की दोन्ही देशांनी आपापल्या बाजूने पूल बांधायला घेतला. आता उंची मोजायची म्हणजे समुद्रसपाटीपासून, पण कुठल्या समुद्राच्या? जर्मनी मोजते अॅमस्टरडॅमच्या पातळीपासून आणि स्वित्झर्लंडचं मूळ मार्सेयला, म्हणजे भूमध्य समुद्र. दोन्हीत फरक २७ सेंटीमीटर. हा फरक सगळ्यांना माहिती होता, कागदावर धरलाही होता, फक्त वजा करायच्या जागी अधिक झाला. त्यामुळे २७ भरून निघण्याऐवजी दुप्पट झाले, ५४ सेंटीमीटर. २००३ मध्ये लक्षात आलं, जर्मन बाजूचं बांधकाम खाली घ्यावं लागलं आणि २००४ च्या डिसेंबरात पूल सुरू झाला.

मी त्या पुलावरून चालत गेलो तेव्हा पायाखाली काहीच कळत नाही, एकदम सपाट. पण जर्मन टोकाला मी गुडघ्याच्या जरा वर हात धरून उभा राहिलो, साधारण एवढं. ५४ सेंटीमीटर म्हणजे घराच्या जिन्याच्या तीन पायऱ्या. आमच्या साइटवर नवीन पोरं आली की मी त्यांना लेव्हल लावायच्या आधी हीच गोष्ट सांगतो, आणि चिन्ह दोनदा तपासा म्हणतो. ज्यांना रस असेल त्यांनी जुन्या पुलावरून जा आणि नव्यावरून परत या, एक चक्कर छान होते.

*

वर वीज केंद्राचा उल्लेख आलाय म्हणून लिहितेय. माझे बाबा कोयना प्रकल्पात होते, पोफळीच्या वीजघरात, आमचं सगळं बालपण अलोऱ्याच्या कॉलनीत गेलं. दोन वर्षांपूर्वी ते आणि आई आमच्याकडे झुरिकला आले तेव्हा कुठे जायचं विचारलं तर म्हणाले, लाउफेनबुर्ग. मला नावही माहिती नव्हतं! त्यांना होतं.

१९५८ साली जर्मनी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या वीजवाहिन्या इथे, स्विस बाजूच्या उपकेंद्रात, एकमेकींना जोडल्या. २२० केव्ही, म्हणजे दोन लाख वीस हजार व्होल्ट. याला लाउफेनबुर्गचा तारा (स्टार) म्हणतात, आणि आज युरोपभर जी एकत्र ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, आहे तिची सुरुवात म्हणजे ही जोडणी. बाबा सांगत होते की नुसती तार बांधून होत नाही, तिन्हीकडची फ्रिक्वेन्सी बरोबर ५० हर्ट्झला आणायची, लाटेला लाट जुळली पाहिजे, त्या क्षणी ब्रेकर टाकायचा. जरा मागेपुढे झालं तर मशिन हादरतं. हे सांगताना त्यांचा उजवा हात आपोआप हँडल ओढल्यासारखा खाली आला. रिटायर होऊन चौदा वर्षं झालीत त्यांना.

आम्ही उपकेंद्र कुंपणाबाहेरूनच पाहिलं. आई सावलीत बसली, बाबा अर्धा तास जाळीला नाक लावून. मग म्हणाले, आपल्याकडे हे काम ३१ डिसेंबर २०१३ ला पुरं झालं, रायचूर-सोलापूर लाइन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड बाकी देशाला जोडली गेली. ती तारीख त्यांना माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की आठवते हे मी त्या दिवशी बघितलं.

नंतर नदीवरच्या केंद्राकडे गेलो. अख्ख्या ऱ्हाईनला आडवं घातलेलं आहे, एक टोक जर्मनीत दुसरं स्वित्झर्लंडमध्ये. पोफळीला पाणी शेकडो मीटर वरून येतं, इथे उंची अगदी थोडी पण पाणी अफाट. बाबा कठड्याला हात लावून म्हणाले, कंपन बघ. मीही हात लावला. खरंच, हलकी थरथर जाणवत होती. अलोऱ्यातून पोफळीला त्यांचा डबा द्यायला जायचो तेव्हा तिथल्या रेलिंगला असायची तशीच.

*

एवढं सुंदर सगळं वाचून जरा व्यवहाराचं लिहू का, कारण आमच्यासारखे स्विस बाजूला, आरगाऊमध्ये राहणारे बहुतेक जण या गावांत जातात ते महिन्याचा बाजार करायला, खोटं कशाला बोला. डीएम नावाच्या जर्मन दुकानातून साबण, शाम्पू, पोराचे डायपर, मग दही, चीज, पीठ. निम्म्याच्या आसपास पैसे वाचतात काही गोष्टींत.

पन्नास युरोच्या वर बिल असेल तर दुकानात निर्यातीचा फॉर्म मागायचा, स्विस परमिट दाखवायचं, जर्मन कस्टमचा शिक्का घ्यायचा आणि पुढच्या खेपेला त्याच दुकानात तो देऊन टॅक्स परत मिळतो, खायच्या वस्तूंवर ७ टक्के आणि बाकीवर १९. चौकीची वेळ बघून जा. आणि स्विस बाजूने टॅक्स न भरता सामान आणायची सूट होती माणशी ३०० फ्रँकची, ती १ जानेवारी २०२५ पासून १५० झालीये, हे अजून बऱ्याच जणांना माहिती नाही. मटण-चिकन माणशी एक किलो, त्याच्या वर ड्युटी. गणपतीला पाहुणे येणार म्हणून माझ्या नवऱ्याने एकट्याने साडेतीन किलो आणलं होतं विसर्जनानंतरच्या जेवणाला, न सांगता आला असता तर दंड झाला असता, त्याने स्वतःहून सांगितलं आणि ड्युटी भरली. ते बरं केलं. रविवारी जाऊ नका, जर्मनीत दुकानं बंद.

आणि मोबाइल! माझी भाची जर्मनीत शिकते, ती आली होती, नदीकाठी बसून दोन तास व्हिडिओ कॉल केला नाशिकला. ती बसलेली जर्मनीत पण फोनने पलीकडचा टॉवर पकडला, आणि युरोपचं फुकट रोमिंग स्वित्झर्लंडला लागू होतंच असं नाही, तिच्या प्लॅनमध्ये नव्हतं. विद्यार्थिनीला परवडणार नाही एवढं बिल आलं. कंपनीने एक पैसा कमी केला नाही. रडली बिचारी. तर काठावर रोमिंग बंद करून ठेवा, नेटवर्क हाताने निवडा.

*

माझा अनुभव २०२० चा आहे. तेव्हा आम्ही जर्मन बाजूला राहायचो आणि माझी सख्खी बहीण पलीकडे, फ्रिकजवळ. आमच्यात वीस मिनिटांचं अंतर. १६ मार्चला सीमा बंद झाली. जुन्या पुलावर जाळी लागली. ज्या पुलावरून मी पोळ्यांचा डबा घेऊन चालत जायचे त्याच पुलावर.

ताई तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. घरून कोणी येऊ शकत नव्हतं, विमानं बंद. मी डोहाळजेवणाचं सगळं ठरवलेलं, ओटीचं सामान आणलेलं, हिरवी साडी आईने फेब्रुवारीतच कोणाबरोबर तरी पाठवलेली. ती माझ्याकडेच राहिली.

मग एका रविवारी ताई त्या काठावर आली आणि मी या काठावर. नदी इथे अरुंद आहे, माणूस ओळखू येतो, ओरडलं तर आवाजही जातो. मी साडी उलगडून दोन्ही हातांनी वर धरली. तिने पोटावर हात ठेवून वाकून नमस्कार केला. शेजारी दोन जर्मन बायका होत्या, त्यांचंही कोणीतरी पलीकडे उभं होतं, त्यांनी विचारलं काय आहे हे, मला नीट सांगता आलं नाही. भाचा मेच्या शेवटी झाला. १५ जूनला सीमा उघडली, मी सकाळी सहाला निघाले. तोपर्यंत तो अठरा दिवसांचा होता.

हे पहिल्यांदाच लिहितेय कुठेतरी.

*

वरचं वाचून काही लिहावंसं वाटत नव्हतं, ताईंना नमस्कार. थोडंसं ब्यूसिंगेनबद्दल सांगतो कारण असं दुसरं गाव मी पाहिलं नाही. तेही ऱ्हाईनवरच, शाफहाउजेनच्या जवळ, जर्मनीचं, पण चहूबाजूंनी स्वित्झर्लंड. कुठूनही निघालात तरी जर्मनीत जायला स्वित्झर्लंड ओलांडावं लागतं. दीडेक हजार वस्ती. दोन पिनकोड, एक जर्मन एक स्विस. गाड्यांची नंबरप्लेट स्वतःची, बीयूएस, त्यातल्या यूवर दोन टिंबं. कस्टमच्या हिशेबाने गाव स्वित्झर्लंडमध्ये मोडतं, तो करार १९६७ पासून लागू आहे. १९१८ ला लोकांनी मतदान करून स्वित्झर्लंडला जायचं ठरवलं होतं, शेकड्याला ९६ मतं तिकडे, तरी राहिले जर्मनीतच.

आम्ही शाफहाउजेनहून बोटीने गेलो, उन्हाळ्यात चालते. बोटीत पोराने विचारलं आपण आता कुठल्या देशात आहोत, मी सांगेपर्यंत देश बदलला, परत सांगितलं तर परत बदलला. नदीकाठी गवतावर बसून घरून नेलेले ठेपले आणि लोणचं खाल्लं, पाण्यात पाय सोडून. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजता येतात.

*

लाउफेनबुर्गला जमलं तर फासनाखटच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या दिवसांत जा, फेब्रुवारी-मार्चात येतो. दोन्ही काठांचा मिळून एकच उत्सव असतो, मंडळही एकच, कोळ्यांच्या जुन्या संघाचं, नावातच १३८६ साल आहे. लाकडी मुखवटे घातलेले नारो, म्हणजे विदूषक, पुलावरून या देशातून त्या देशात जातात आणि पोरांना खाऊ वाटतात. माझी मुलगी मुखवट्याला घाबरून माझ्यामागे लपली होती, तर तो नारो खाली बसला, मुखवटा जरा उचलला, आत एक गोड म्हातारा. तिला एक संत्रं दिलं. तिने ते आठवडाभर सोलू दिलं नाही.

*

आम्ही आईला बाड झेकिंगेनला नेलं होतं, लाउफेनबुर्गच्या अलीकडे. तिथे लाकडी पूल आहे, छत असलेला, २०३ मीटर, छताच्या लाकडी पुलांमध्ये युरोपातला सगळ्यात लांब. १९७९ पासून गाड्या बंद, फक्त चालायचं. आतून जुन्या वाड्याच्या माळ्यावर असतो तसा वास येतो, आणि फळ्यांवर पावलं वाजतात.

आई वाईची. घाटावर वाढलेली, कृष्णामाईशिवाय नदी म्हणून दुसऱ्या कशाला मानत नाही. पुलाच्या मध्यावर खिडकीसारख्या जागेतून खाली बघत बराच वेळ थांबली. मी म्हटलं आई, ही रेघ आहे ना, इथून पुढे स्वित्झर्लंड. तिने रेघेकडे बघितलंच नाही. म्हणाली, पाणी धरणाचं आहे रे, धोम झाल्यावर आपल्याकडे असंच झालं. गुडघे दुखतात तरी काठापर्यंत उतरली. चप्पल काढली, ओंजळ भरली, आधी डोळ्यांना लावलं. मग पर्समधून रुमालात बांधलेली हळदीकुंकवाची छोटी कुयरी निघाली. कुठून आणली, कधी ठेवली, मला पत्ता नाही. पाण्यात चिमूटभर सोडून तिने विचारलं, हिचं नाव काय म्हणालास? ऱ्हाईन, मी म्हटलं. तिने दोनदा म्हणून बघितलं, नीट जमेपर्यंत.