मदत हवी आहे : गुपित आधी सांगू की झाकून ठेवू?

नमस्कार मंडळी. हौशी संस्थेसाठी दोन अंकी नाटक लिहितेय. विषय इंग्लंडचा युवराज जॉर्ज (पुढे चौथा जॉर्ज) आणि मारिया फिट्झहर्बर्ट यांचं चोरून झालेलं लग्न.

ती कॅथलिक, दोनदा विधवा झालेली. १५ डिसेंबर १७८५ रोजी लंडनमध्ये तिच्याच घरी लग्न लागलं. राजाची परवानगी नसल्याने १७७२ च्या कायद्याप्रमाणे ते रद्दबातल, आणि कॅथलिक बायको म्हणजे गादीवर पाणी. १७८७ मध्ये युवराजाच्या कर्जाचा विषय पार्लमेंटात निघाला, तेव्हा त्याचा मित्र फॉक्स याने असं लग्न झालंच नाही म्हणून ठणकावून सांगितलं. बिचाऱ्याला युवराजानेच अंधारात ठेवलं होतं! आणि मारियाची चारचौघांत अब्रू गेली. मला नाटक तिचंच करायचंय.

अडलंय ते इथे. लग्न पहिल्या अंकात दाखवलं तर पुढे उत्सुकता कशावर टिकवायची? लपवलं तर मारियाचं दुःख प्रेक्षकांपर्यंत पोचणार कसं? माझा कल दाखवण्याकडे आहे. फॉक्सचं भाषण रंगमंचावर घ्यावं, की ती बातमी तिला दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर कळावी?

दुसरं, युवराजाने तिला स्वतःच्या फक्त एका डोळ्याचं इवलंसं चित्र पाठवलं होतं. चेहरा नाही, म्हणजे परक्याला ओळख पटायला नको. हे मला वापरायचंच आहे, पण शेवटच्या रांगेला ते दिसणार कसं? प्रकाशयोजना किंवा नेपथ्य करणाऱ्यांनी कृपया सुचवा. पडदा आणि प्रोजेक्टर परवडणार नाही.